चाकरमानी गावाकडे, निधी मुंबईकडे

साथ आली की मुंबई रिकामी होते आणि कोकण भरतं. हे 2020 साली पहिल्यांदा घडलं असं नाही. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडलं. गिरण्यांत राबणारे कितीतरी कामगार तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातले. ते बोटींनी, नाहीतर पायी आपापल्या गावी आले. सरकारने तपासण्या लावल्या आणि 1897 मध्ये साथरोग कायदा केला. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने हाच कायदा पुन्हा लागू केला. सव्वाशे वर्षांत कायदा तोच राहिला, माणसांची पळायची वाटही तीच राहिली. माणसं येतात त्या गावा-शहरांनी त्यांचा खर्च कुठून करायचा, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणी विचारला नाही आणि आताही धडपणे विचारला जात नाही.

मला तो नगरपरिषदांपुरता विचारायचा आहे. साथीच्या काळात केंद्राने शहरांना पैसा द्यावा का, यावर फारसा वाद नाही, द्यावाच लागतो. वाद आहे तो कोणत्या शहराला, कशाच्या हिशेबाने आणि कोणत्या खर्चासाठी द्यायचा यावर. आज या तिन्ही प्रश्नांची सरकारी उत्तरं कोकणच्या विरोधात जातात. आपल्याविरुद्ध कोणाचा कट आहे म्हणून तसं होत नाही. माणूस जनगणनेच्या रात्री जिथे झोपला तिथेच तो संकटातही असणार, असं गृहीत धरून सूत्रं बांधलेली आहेत, म्हणून तसं होतं.

केंद्राच्या पैशातला वाटा कोणाला किती ते सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांचं अनुदान राज्याराज्यांत वाटताना 90 टक्के भार लोकसंख्येवर आणि 10 टक्के क्षेत्रफळावर ठेवला. लोकसंख्या 2011 ची. त्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांच्या तुलनेत जवळपास 5 टक्क्यांनी घटलेली निघाली, सिंधुदुर्गाची 2 टक्क्यांहून अधिक. अख्खं राज्य वाढत असताना हे दोन जिल्हे आकसले. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. हा आकडा वाचून कोणी स्त्री-सन्मानाचं कौतुक करू नये. पुरुष नालासोपारा, दिवा आणि भांडुपला होते, एवढाच त्याचा अर्थ. गणना फेब्रुवारीत होते. गणपतीत केली असती तर आकडे वेगळे दिसले असते.

म्हणजे चाकरमानी कागदावर मुंबईचा. त्याच्या नावावर पाण्याचा, कचऱ्याचा, दवाखान्याचा जो काही वाटा दिल्लीहून निघतो तो महानगराकडे जातो. बरं, मुंबई महापालिकेकडे स्वतःच्या हजारो कोटींच्या मुदत ठेवी आहेत. आणि साथ आली की तोच माणूस पनवेल ओलांडून गावचा रस्ता धरतो. मे 2020 मध्ये कोणी एसटीने आले, कोणी ई-पास काढून खासगी गाडीने, कोणी लेकराबाळांसह महामार्गाने चालत. त्यांना ठेवायला शाळा उघडल्या. गावोगाव ग्राम कृती दलं झाली. ऑगस्टमध्ये गौरी-गणपतीला किती दिवस विलगीकरणात राहायचं यावरून वाद झाले, काही वाड्यांत भाऊबंदकीही त्या निमित्ताने उफाळली. यातला बराच भार ग्रामपंचायतींवर पडला हे खरं, आणि त्यांच्याविषयी निदान बोललं तरी गेलं. मे 2021 मध्ये केंद्राने 25 राज्यांतल्या ग्रामीण स्थानिक संस्थांसाठी 8,923.8 कोटी रुपयांचा हप्ता मुदतीआधी सोडला, तो कोविडचं कारण देऊनच.

शहरांचं काय? कोकणातलं शहर म्हणजे काय चीज आहे ते बाहेरच्याला पटकन कळत नाही. 2011 च्या गणनेनुसार रत्नागिरी शहर सुमारे 76 हजारांचं, चिपळूण 55 हजारांचं, अलिबाग 21 हजारांच्या आत, मालवण 19 हजारांच्या आत. पुण्या-मुंबईतला एखादा प्रभागही याहून मोठा असतो. पण या शहराच्या जिवावर आख्खा तालुका चालतो. उपजिल्हा रुग्णालय इथे, औषधांची घाऊक दुकानं इथे, एसटी स्टँड इथे, मच्छी मार्केट इथे, बँका इथे. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या वाडीतला माणूस तापला तरी शेवटी इथेच येतो. त्याचा कचरा इथल्या घंटागाडीत पडतो. आणि तो दगावला तर, कोविडच्या नियमांमुळे, बहुतेक वेळा त्याचा अंत्यविधीही रुग्णालय ज्या शहरात तिथल्या स्मशानात, नगरपरिषदेच्या सफाई कामगारांच्या हातून झाला. घरचे लांब उभे.

नगरपरिषदेकडे दवाखाना नाही, मग साथीचा पैसा तिला कशाला, असा एक युक्तिवाद मंत्रालयात आणि कधी कधी आपल्याच जिल्ह्यातही ऐकू येतो. रुग्णालयं राज्याची, डॉक्टर राज्याचे, हे बरोबर आहे. पण साथ काही फक्त खाटेवर लढली जात नाही. प्रतिबंधित क्षेत्राला बांबू बांधणं, आतल्यांना वाणसामान पोचवणं, बाजार हलवून मैदानात भरवणं, फवारणी, वापरलेले मास्क आणि किट वेगळे गोळा करणं, सरण रचणं ही सगळी कामं मुख्याधिकाऱ्याच्या सहीने आणि कामगाराच्या हाताने होतात. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता नगरपालिकांच्या विषयांत आहेच. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने विषय दिले, तिजोरीची किल्ली दिली नाही.

तिजोरीत तरी असतं काय? घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजार वसुली, थोडीफार विकास शुल्कं. जकात होती, ती नगरपरिषदांच्या हातून 1999 सालीच गेली आणि तिच्या बदल्यात राज्याचं सहायक अनुदान आलं. कर्मचाऱ्यांचे पगार मुख्यतः त्यावर चालतात. टाळेबंदीत बाजार बंद, म्हणजे वसुली बंद. गाळेधारक भाडं माफ करा म्हणून अर्ज घेऊन उभे. त्यांचंही चुकत नव्हतं. पर्यटक नाही, म्हणजे मालवण, मुरूड, अलिबागसारख्या शहरात हॉटेल-लॉजवाला घरपट्टी भरणार कुठून? खर्च वाढला त्याच महिन्यात उत्पन्न आटलं. आणि वरचं राज्य स्वतःच कडकीत. 4 मे 2020 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने विकासकामांच्या खर्चाला 67 टक्के कात्री लावली. जीएसटीच्या भरपाईवरून केंद्र-राज्यांत त्या वर्षी जो वाद चालला होता तो आठवत असेलच.

केंद्राने काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. एप्रिल 2020 मध्ये आरोग्यव्यवस्थेसाठी 15 हजार कोटींचं पॅकेज आलं, जुलै 2021 मध्ये 23,123 कोटींचं दुसरं. पीएम केअर्समधून व्हेंटिलेटर आले, दुसऱ्या लाटेनंतर जिल्ह्याजिल्ह्यांत ऑक्सिजन निर्मितीचे प्रकल्प उभे राहिले. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत 70,051 कोटींचं आरोग्य अनुदान सुचवलं, त्यातले 26,123 कोटी शहरांसाठी. रकमा लहान नाहीत. पण यातला मोठा भाग वस्तूंचा आणि बांधकामाचा आहे. यंत्र दिल्लीहून येतं. ते चालवणारा माणूस, त्याचं वीजबिल, त्याची दुरुस्ती कुठून आणायची ते कोणी सांगत नाही. उद्घाटनाला फीत लागते आणि पगाराला फीत लावता येत नाही, ही मला तरी यामागची खरी अडचण वाटते.

नियमही तेच बोलतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या अनुदानात 60 टक्के बंधित निधी होता, तो स्वच्छता आणि पाणीपुरवठ्यासाठी. उरलेला 40 टक्के अबंधित, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे खर्च करा, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. शांततेच्या काळात हा नियम शहाणपणाचा आहे. नाहीतर अर्ध्या नगरपरिषदा सगळा निधी पगारात जिरवून मोकळ्या होतील. साथीत मात्र पगार हाच खर्च असतो. जादा सफाई कामगार, रात्रपाळीचे चालक, फवारणीची माणसं, स्मशानातली माणसं. नियमानुसार त्यांना थेट नेमून पैसे देता येत नाहीत. वाट निघते ती ठेकेदाराच्या देयकातून. तोच माणूस, तेच काम, फक्त मध्ये एक मक्तेदार, आणि कामगाराच्या हातात पडणारी रक्कम कमी. निधीचा गैरवापर टाळायला केलेल्या नियमाने गैरवापराची सोय अशी होते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. मे 2020 मध्ये केंद्राने राज्यांची कर्जमर्यादा राज्याच्या सकल उत्पादनाच्या 3 टक्क्यांवरून 5 टक्क्यांपर्यंत वाढवली. त्यातल्या वाढीव कर्जाचा काही हिस्सा सुधारणांना जोडला. त्यातली एक सुधारणा होती नागरी संस्थांची: मालमत्ता कराचे किमान दर बाजारमूल्याशी जोडून जाहीर करा, पाणी-मलनिस्सारणाचे दर ठरवा. कर वाढवायला माझा विरोध नाही. आपल्याकडच्या घरपट्ट्या वर्षानुवर्षं जागच्या हलत नाहीत, हे नगरसेवकांना आणि आपल्यालाही ठाऊक आहे. पण गाळे बंद, होड्या किनाऱ्याला, कुटुंबं विलगीकरणात, अशा वेळी नगरपालिकेचा प्रश्न राज्याच्या कर्जाला अट म्हणून अडकवायचा, हा मुहूर्त कोणी काढला?

कोकणाचं गणित यापेक्षाही बिकट, कारण इथे साथ एकटी येत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात धडकलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, छपरं गेली, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ज्या शाळांत विलगीकरण चाललं होतं त्याच शाळा निवारा म्हणूनही हव्या होत्या. एकमेकांपासून लांब राहा म्हणून सांगायचं आणि एका खोलीत पन्नास जण कोंबायचे, अशी दशा. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिव नदीने चिपळूण बुडवलं, सावित्रीने महाड. दुसरी लाट तेव्हा ओसरायची होती; जूनमध्ये राज्याचा मोठा भाग उघडत असतानाही रत्नागिरी आणि सिंधुदुर्गावर निर्बंध कडक होते. आता निधी बघा. कोविडला केंद्राने मार्च 2020 मध्ये आपत्ती मानलं आणि विलगीकरण-चाचण्यांसाठी राज्य आपत्ती निवारण निधी वापरायला परवानगी दिली, आधी 35 टक्क्यांची मर्यादा घालून, पुढे ती 50 केली. म्हणजे वादळाचा आणि साथीचा डबा एकच. विदर्भातल्या एखाद्या जिल्ह्याला हे चालून जाईल. किनाऱ्यावरच्या जिल्ह्याने कौलं शाकारायची की चाचणी केंद्र चालवायचं? शिवाय तो निधी जिल्हाधिकाऱ्यांच्या हातून खर्च होतो. नगरपरिषदेने ठराव करायचा, प्रस्ताव पाठवायचा आणि वाट बघायची.

चाचणी केंद्राचं नाव निघालंच आहे तर एवढं नोंदवतो की सुरुवातीच्या काही महिन्यांत रत्नागिरीचे नमुने घाट चढून मिरजेला जात होते. अहवाल येईपर्यंत माणूस संशयित, त्याचं घर बंद, त्याची गल्ली बंद. त्या प्रत्येक बंद गल्लीचा खर्च नगरपरिषदेच्या माथी.

अमेरिकेचं उदाहरण मी देतो ते तिथलं सगळं बरं असतं म्हणून नाही. त्यांनी एकच चूक वर्षभरात दुरुस्त केली, ती बघण्यासारखी आहे म्हणून देतो. 27 मार्च 2020 च्या केअर्स कायद्याने तिथल्या केंद्र सरकारने राज्यं आणि स्थानिक सरकारांसाठी 150 अब्ज डॉलर काढले. पण थेट पैसा फक्त 5 लाखांहून अधिक वस्तीच्या स्थानिक सरकारांना. शिवाय बुडालेला महसूल भरून काढायला तो वापरायचा नाही. लहान शहरं राज्याच्या मर्जीवर. न्यूयॉर्कमधला पैसेवाला माणूस तेव्हा समुद्रकाठच्या सुट्टीच्या गावी जाऊन राहिला होता. आपल्या चाकरमान्यापेक्षा त्याचं पाकीट जाड, दिशा तीच. ओरड झाली. मार्च 2021 मध्ये दुसरा कायदा आला, 350 अब्ज डॉलरचा. त्यात 50 हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावा-शहरांसाठी साडेएकोणीस अब्ज वेगळे काढले. ते गेले राज्यांमार्फत, पण राज्याने 30 दिवसांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचे, स्वतःच्या अटी चिकटवायच्या नाहीत. एखाद्या गावाला त्याच्या साथीआधीच्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकत होती. बुडालेला महसूल भरून काढणं आता चालत होतं, कामगारांचे पगारही.

त्यातून गैरप्रकार झाले नाहीत का? झाले. अलाबामा राज्याने आपल्या वाट्यातले 40 कोटी डॉलर तुरुंग बांधायला वळवले. सैल पैशाचं हे होतंच, आणि आपल्याकडे ते अधिक होईल असं म्हणणाऱ्याला मी भाबडेपणाने खोडून काढणार नाही. नगरपरिषदेच्या टेंडरात काय शिजतं ते कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मालवणात कोणीही सहज विचारील, ‘पैसो इलो म्हणतत, गेलो खंय ता सांगा.’ पण हा आक्षेप फक्त लहान नगरपरिषदेलाच का लागू व्हावा? साथीत मोठ्या खरेद्या राज्यांनी आणि महापालिकांनी केल्या, आणि त्यांतल्या कित्येक चौकशीच्या फेऱ्यात सापडल्या. लहान शहरात निदान फवारणी झाली की नाही हे समोरच्या ओटीवरून दिसतं. ज्या वेंगुर्ल्याने साडेबारा हजारांच्या आतल्या वस्तीत कचरा वेगळा करून डेपोच्या जागी लोकांनी बघायला यावं असं ठिकाण केलं, त्याला पैसा सांभाळता येणार नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती आपल्या राज्याची करणी. 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत 2021 च्या अखेरीस संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात, निवडणुका लांबल्या, आणि जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या खुर्चीत अधिकारी. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये बजावल्यावर डिसेंबर 2025 मध्ये मतदान झालं. वित्त आयोगाचं अनुदान रीतसर निवडून आलेल्या संस्थांनाच द्यायचं असा दंडक आहे. लोकशाही म्हणून दंडक योग्य. पण निवडणूक घ्यायची नाही राज्यव्यवस्थेने आणि अनुदानाला मुकायचं शहराने, हा न्याय मला पटत नाही. त्या चार वर्षांत पुन्हा साथ आली असती, तर दोनेक आठवड्यांत ठराव करायला सभागृहच नव्हतं आणि जाब विचारायला नगराध्यक्षही नव्हता.

राज्याला वळसा घालून केंद्राने थेट नगरपरिषदेला पैसा द्यावा, असं काही जण सुचवतात. मला ते मान्य नाही. स्थानिक शासन आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही राज्यसूचीतले विषय आहेत, आणि दिल्लीने मालवणच्या मुख्याधिकाऱ्याला परस्पर पत्रं पाठवायला लागणं यात आपलं भलं नाही. उद्या त्या पत्रांत काय येईल ते सांगता येत नाही. पैसा राज्यामार्फतच यावा, पण राज्याच्या हाती फक्त पोस्टमनचं काम असावं. याची तरतूद आपल्याकडे आहेच: वित्त आयोगाचं अनुदान मिळाल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत राज्याने ते वर्ग करायचं, उशीर झाला तर व्याजासकट. हाच नियम साथीच्या निधीला लावा. साथरोग किंवा आपत्ती कायद्याखाली अधिसूचना निघाली की कोणाच्या प्रस्तावाची वाट न बघता एक ठरलेली रक्कम प्रत्येक नगरपरिषदेच्या खात्यात पडली पाहिजे. तीन महिन्यांचा चालू खर्च भागेल एवढी तरी. त्या काळापुरती पगाराची बंदी उठवावी. मागच्या तीन वर्षांच्या सरासरीशी ताडून बुडालेली घरपट्टी आणि गाळेभाडं भरून द्यावं, आणि ही भरपाई वादळाच्या निधीतून कापू नये. हिशेब मागावा तो नंतर, पण कडक मागावा. खर्चाची यादी दर महिन्याला प्रभागातल्या फलकावर लावायची सक्ती करावी. उपयोगिता प्रमाणपत्रापेक्षा तो फलक अधिक लोक वाचतील.

राहिला माणसं मोजण्याचा प्रश्न. कोविडनंतर अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आली, हे चांगलंच झालं. पण पुढच्या साथीत ती कोणासाठी पुरी पडायची आहेत? कागदावरच्या कोकणासाठी की गणपतीतल्या कोकणासाठी? नवी जनगणना आता होते आहे, आणि लोकसंख्या मोजायची आहे ती पुन्हा फेब्रुवारीतच, 2027 च्या. संदर्भ दिनांक 1 मार्च. शिमग्याला त्यानंतर तीन आठवडे उरतील आणि चाकरमानी पुन्हा मुंबईतच सापडेल. त्याला दोन ठिकाणी मोजता येणार नाही, हे मला कळतं. मात्र जनगणनेच्या पहिल्या टप्प्यात घरं मोजली जातात आणि त्यात रिकाम्या घरांचीही नोंद होते. कोकणातली ती कुलूपबंद घरं काही ओसाड नाहीत. त्यांची घरपट्टी वर्षाला भरली जाते, मीटर चालू असतो, मे महिन्यात आणि गणपतीत त्यांत चूल पेटते. साथ आली तर ती चार दिवसांत उघडतील. दर बंद घरामागे ठरावीक माणसं धरून साथनिधीचा वाटा काढणं हे अवघड गणित नाही. आकडे सरकारच्याच दप्तरात येणार आहेत. सोळाव्या वित्त आयोगाचा काळ 2026-27 पासून 2030-31 पर्यंतचा आहे, म्हणजे त्याचं सूत्र तोवर ठरलेलंच. तेव्हा सूत्रात हा बदल करायचा तर तो आपत्ती निधीच्या नियमांतून करावा लागेल, आणि ते नियम बदलायला दिल्लीत घटनादुरुस्ती लागत नाही. डिसेंबरमध्ये निवडून आलेल्या आपल्या नगरसेवकांनी निदान आपल्या हद्दीतल्या बंद घरांची यादी घरपट्टीच्या नोंदवहीवरून काढावी आणि सर्वसाधारण सभेत ठराव करून ती खासदारांच्या हाती द्यावी. नोंदवही कार्यालयातच आहे आणि त्या कामाला कोणाचीही मंजुरी लागत नाही.